पाचवी गोळी

माझ्या बायकोचं वजन बेचाळीस किलो दोनशे ग्रॅम भरलं. ज्या काट्यावर मी सकाळपासून मिरचीची पोती मोजत होतो त्याच काट्यावर तिला बसवलं होतं. त्या आकड्यावरून मी एक भागाकार केला. भागाकारात चूक नव्हती, हे मी आजही सांगतो. तरी त्या भागाकारानं माझ्या घराचं जे केलं, ते तसंच्या तसं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे.

नंदुरबारला मी तेव्हा एका मिरचीच्या पथारीवर वजनाचं काम पाहत असे. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं, चोपून सपाट केलेलं मैदान. शेतकरी ओली लाल मिरची आणून टाकत. ती पसरून वाळवायची, वरखाली करायची, वाळली की डागी मिरची निवडून काढायची आणि पोती भरायची. आमचं घर पथारीला लागूनच होतं. शेर-मण जाऊन किलो आले त्याला फार दिवस झाले नव्हते. जुनी माणसं शेरातच विचारत. मी किलोत मोजून शेरात उत्तर देत असे.

बायकोचं माहेर कोरीटचं, शिक्षण चौथीपर्यंत. पण पावकी, निमकी, दिडकीचे पाढे तिला माझ्याहून पक्के पाठ. मी काट्यापाशी बेरीज करत बसलो की ती घराच्या ओट्यावरून आकडा ओरडून सांगायची. वर म्हणायची, "इतला येळ लागस तं मिरची ऱ्हावा द्या, तुम्हीच वाळी जाशात." पथारीवरच्या बायका हसायच्या. मीही हसायचो, पण बेरीज पुन्हा करून बघायचो. तिचा आकडा कधी चुकला नाही.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला हे आकडे यायचे थांबले. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसलं की ती पहाटे तीनला जागी होते आणि चुलीपुढे नुसती बसून राहते. भाकरी दोनाची एक झाली, एकाची अर्धी झाली. अंगात ताप नाही, खोकला नाही. घरात मृत्यू नाही, भांडण नाही. "काय होतं?" विचारलं की म्हणायची, "काही नई." माझी आई घरात होती. तिचं ठरलेलं होतं, "तिले दृष्ट लागनी शे." तिनं मीठ-मिरची उतरून टाकली. मिरचीला आमच्याकडे काय तोटा! आठ दिवस रोज उतरली. फरक नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी तिला म्हटलं, आज ऊन चांगलं पडेल. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "माले तं सकाय व्हवाले नको असं वाटस."

मी त्या दिवशी काट्यावर गेलो नाही.

आमच्या शेजारी एक कारकून राहत होते. धडगावहून बदली होऊन आलेले आणि इथंच निवृत्त झालेले, साठीला टेकलेले, अंगानं भरपूर जाड. धडगावला असताना त्यांनाही असंच झालं होतं, महिनोन् महिने कचेरीत बसून एक कागद पुढे सरकत नव्हता. सुरतेच्या एका मनोविकाराच्या डॉक्टरांनी त्यांना बरं केलं होतं. त्यांनीच पत्ता दिला. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं सुरतेला गेलो.

डॉक्टर मुंबईत शिकलेले, मराठी चांगलं बोलत. तिला त्यांनी 'बेन' म्हणून पुष्कळ विचारलं. मला न विचारता तिलाच विचारलं, हे मला विशेष वाटलं. मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. तिनं मान खाली घातली आणि "वाटस" म्हणाली. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झालेली, आणि मी हे विचारलं नव्हतं.

गोळी तपकिरी होती, साखरेच्या लेपाची, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पंचवीस मिलिग्रॅमची. पहिले तीन दिवस एक, पुढचे तीन दिवस दोन, मग रोज तीन. गोळ्या माझ्या ताब्यात ठेवायच्या आणि मीच मोजून द्यायच्या. तीन आठवड्यांनी परत यायचं. "लगेच गुण दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही. गुण मागून येतो. थांबा."

मी थांबलो. तोंड कोरडं पडलं. ती खडीसाखर चघळत राहिली. आई म्हणाली, "गोळीघाई कोठे दृष्ट निंघस का?" तिसऱ्या आठवड्यात बायको पहाटे तीनऐवजी पाचला उठू लागली. पण बोलणं नाही, खाणं नाही.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी हे ऐकून घेतलं आणि लिहून दिलं: एक आठवडा रोज चार, नंतर रोज सहा. मी विचारलं, "तीन चुकल्या का?" बाहेर माणसं खोळंबली होती. ते म्हणाले, "चुकल्या नाहीत. हळूहळू वाढवायचं असतं."

गाडीत बसल्यावर हे वाक्य माझ्या डोक्यात फिरू लागलं. तीन चुकल्या नव्हत्या, तर सहा कशा बरोबर असतील? एका गोष्टीची दोन उत्तरं बरोबर असलेली मी तोवर पाहिली नव्हती. ओली मिरची वाळून किती उतरते हे विचारलंत तर मी पोतं बघून सांगू शकत होतो. डॉक्टरांना हे पहिल्या दिवशी का सांगता येऊ नये?

घरी आल्यावर मी कारकुनांना विचारलं, "तुम्ही दिवसाला किती घेता?"

"तीन," ते म्हणाले. "पहिल्यापासून तीन. वाढवल्या नाहीत, कमी केल्या नाहीत. मस्त चाललंय."

ते मिरची घ्यायला पथारीवर आले होते. मी त्यांना म्हटलं, काट्यावर बसता का? त्यांना गंमत वाटली. तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेला आमचा मोठा काटा, साखळ्यांना लाकडी फळी. फळी कुरकुरली. चौऱ्याऐंशी किलो.

मग मी घरात जाऊन बायकोला घेऊन आलो. ती का, कशाला, काही न विचारता आली आणि फळीवर बसली. निवडणीच्या बायकांतली एक ओरडली, "भाऊ, वहिनीले पोतामा भरी ऱ्हायनात का?" सगळ्या हसल्या. माझी बायको गुडघ्यांवर हात ठेवून बसून होती. वर्षापूर्वी तिनं त्या बाईला असं उत्तर दिलं असतं की ती महिनाभर विसरली नसती. मी वजनं ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. बेचाळीस किलो दोनशे.

चौऱ्याऐंशीला तीन, तर बेचाळीसला दीड. गुरांच्या दवाखान्यात जनावराच्या वजनावर औषध ठरवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सहा म्हणजे दीडाची चौपट! साखरेचा लेप असल्यानं गोळी मोडता येत नव्हती, म्हणून दीडच्या मी दोन केल्या. त्यात मला आपण उदारपणा केला असंही वाटलं. डॉक्टर सुरतेला, त्यांनी तिला मोजलेलं नाही; मी मोजलेलं आहे. चार नाही, सहा नाही, तीनही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला दोन गोळ्या देऊ लागलो. हे कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. तिनं तळहात पुढे केला, मी दोन ठेवल्या, तिनं गिळल्या.

पहिले चार-पाच दिवस तोंडाचा कोरडेपणा कमी झाला. मला वाटलं, बघा. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा तीनला उठायला लागली. मग अडीचला. अर्धी भाकरी ताटात तशीच राहू लागली. एके दिवशी दुपारी मी घरी आलो तर आई ओट्यावर बसून रडत होती. बायको आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होती. आईनं तिला वेणी घालू दे म्हणून हाताला धरलं होतं, तर ती म्हणाली होती, "आते कशाले? मन्हं व्हयनं." मन्हं व्हयनं म्हणजे माझं झालं.

मी गोळ्यांची बाटली काढून मोजली. जितक्या उरायला हव्या होत्या त्याहून कितीतरी जास्त उरल्या होत्या. तिला दिलं असतं तर जे तिच्या पोटात असतं, ते माझ्या हिशेबापायी बाटलीत होतं.

डॉक्टरांसमोर मी बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. काटा, चौऱ्याऐंशी, बेचाळीस, दीडच्या दोन. ते रागावतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी तो कागदावर मांडायला सांगितला आणि माझा भागाकार नीट बघितला.

"बरोबर केलाय," ते म्हणाले. "भलत्याच माणसाशी केलाय."

"म्हणजे?"

"तुमच्या शेजाऱ्यांबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही. पण समजा, एखाद्याचं वय साठ आहे, लघवीला अडतं, उठताना चक्कर येते. त्याला मी तीनवर थांबवीन, आणि त्याचं नशीब की तीनवर भागलं. त्याचं वजन कितीही असो. उतारवयात औषध अंगात जास्त वेळ राहतं. आणि एकाच वयाची, एकाच वजनाची दोन माणसं घेतली तरी एकाचं अंग औषध झटकन संपवतं, दुसऱ्याचं रेंगाळत ठेवतं."

"मग कुणाचं झटकन संपतं हे मोजायचं कशानं?"

"रक्तात किती औषध उरलं हे मोजायचं साधन माझ्याजवळ नाही."

मला हे ऐकून धक्का बसला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माणूस आपल्याजवळ काटा नाही असं कबूल करतो, तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. मी विचारलं, "मग सहाचा आकडा आला कुठून?"

"सहा हा आकडा नाही, भाई. सहा म्हणजे तिथपर्यंत जाऊन बघू. एकदम दिलं तर अंगाला झेपत नाही, चक्कर येते, माणूस औषध टाकून देतो. म्हणून थोड्यावरून चढायचं. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पायरीवर थांबून बघायचं. थोडा गुण आला आणि त्रास झेपतोय, तर पुढची पायरी. बेनला तीनवर झोप सुधारली होती. म्हणजे औषध लागू होतंय, पण पुरत नाही. म्हणून वाढवलं. तुम्ही खाली उतरवलंत."

बायको माझ्या शेजारी बसून होती. तिला हे सगळं तिथंच पहिल्यांदा कळत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळायचं थांबवलं होतं.

"तुम्हाला मोजायची हौस आहे ना," डॉक्टर म्हणाले, "तर मला जे हवंय ते मोजा. रात्रीची झोप किती तास. भाकरी किती. आणि आपणहून किती वेळा बोलल्या, कुणी न विचारता. उठताना चक्कर येते का तेही. काटा तोच आहे आपला."

मी वही केली. तीन रकाने, आणि शेवटी चकरेसाठी एक अरुंद रकाना. पुन्हा तीनपासून सुरुवात. दर आठवड्याला मी आकडे पोस्टकार्डावर लिहून धाडायचो, आणि त्यांचं एका ओळीचं उत्तर यायचं. चार करा. थांबा. पाच करा. थांबा.

झोपेचा रकाना आधी वाढला. मग भाकरीचा. तिसऱ्या, बोलण्याच्या रकान्यात मात्र शून्याखाली शून्यं उभी होती. पाच गोळ्यांवर दहा दिवस झाले तेव्हा तिथं पहिला एक पडला. आई ओट्यावर बसली असता बायको तिला म्हणाली होती, "तठे मिरची वाली शे, वरखाली करा सांगा." वाली म्हणजे ओली. मी धावत जाऊन बघितलं. खरंच एका कोपऱ्यातली मिरची खालून दमट होती. मी काट्यावरून ती कधीच पाहिली नसती.

सहाचं कार्ड आलं. सहाव्या गोळीच्या चौथ्या दिवशी ती चुलीपासून उठताना कोसळली. लागलं नाही, पण अरुंद रकान्यात मला सलग तीन दिवस लिहावं लागलं. उत्तर आलं: पाच करा, तिथंच राहा. पुढच्या खेपेला मी विचारलं, "पाचच का?"

डॉक्टर म्हणाले, "चारनं बोलत नव्हत्या, सहानं उभ्या राहत नव्हत्या."

इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. त्यात कुठलाही भागाकार नव्हता, तरी मला ते पटलं.

होळी आली तशा पथारीवरच्या डोंगरातल्या बायका काठी गावच्या होळीला जायला निघाल्या. हंगाम संपत आला होता. ओट्याशी त्या निरोप घ्यायला आल्या तेव्हा काट्याच्या वेळी ओरडलेली बाईही त्यांच्यात उभी होती. ती नंदुरबारचीच, पण त्यांना पोचवायला आलेली. माझी बायको तिला म्हणाली, "मी पोतामा मावनू नई. तू ये, तुले दोन पोता लागतीन." त्या दिवसाचा आकडा मी लिहिला नाही. म्हणजे लिहायला बसलो, पण मोजायचं राहूनच गेलं होतं.

इथं संपवता आलं असतं. पण माझी दुसरी चूक राहिली.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. रोज पाच गोळ्या, आता संध्याकाळी जेवणानंतर एकदम. ती बरी होती. मी विचारलं होतं की बरी आहे तर बंद का नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बरं वाटल्यावर लगेच सोडलं तर दुखणं परत येऊ शकतं, म्हणून काही महिने तसंच चालू ठेवायचं, मग एकेक करून उतरायचं. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. नवीन मिरची यायला लागली तेव्हा आम्ही सुरतेला गेलो आणि त्यांनी सांगितलं, "आता चार करा. महिनाभर बघू."

परतताना गाडीत ती खिडकीतून उसाचे मळे बघत होती, आणि मी वहीची जुनी पानं उलटत होतो. चारनं बोलत नव्हत्या. हे त्यांचंच वाक्य होतं. दोन गोळ्यांनी काय झालं ते मी पाहिलं होतं. चाललं आहे ते कशाला हलवायचं? त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी तिच्या तळहातावर पाच गोळ्या ठेवल्या.

तिनं तळहाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चार गिळल्या. पाचवी पदराच्या गाठीत बांधली आणि भांडी आवरायला गेली.

सकाळी काटा उभा करून मी फळी झटकत होतो. ती ओट्यावरून खाली उतरून आली.

"बसा," ती म्हणाली.

"कशावर?"

"काटावर. माले बसाडं व्हतं ना? बसा."

बायका निवडणं सोडून बघू लागल्या. मी बसलो. तिनं एकेक वजन उचलून पारड्यात ठेवलं, माझ्याहून सफाईनं. माझं वजन साठ किलो चारशे भरलं.

"साठ धरा," ती म्हणाली. "आते मन्हं करा." ती बसली, मी मोजलं. अठ्ठेचाळीस. वर्षात जवळजवळ सहा किलो वाढली होती. मी मनात वजाबाकी करत होतो तोवर तिचं पुढचं झालंही होतं.

"अठ्ठेचाळीसले चार. म्हनजे बारा किलोले एक. साठले कितल्या?"

"पाच," मी म्हटलं.

तिनं पदराची गाठ सोडून ती तपकिरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "मंग ही पाचवी तुम्हनी. भ्याव तुम्हले वाटस, माले नई."

मी म्हटलं, "परत तसं झालं तर?"

"व्हयनं तं वही शे ना. लिखा. डाक्टरले कार्ड धाडा. पन गोळी मन्ही शे. चार सांगी तं चार."

"हिशेब वजनावर नसतो," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"माले म्हाईत शे. तुम्हले समजाले पाहिजे म्हनीसन तुम्हना हिशेबमा सांगं."

मी ती गोळी बाटलीत परत टाकली. त्या संध्याकाळपासून बाटली तिच्याकडे गेली. चारवर एक महिना, मग तीन, मग दोन, मग एक. वही मीच लिहीत होतो. तीनवर असताना एक आठवडा तिची झोप कमी झाली. मी कार्ड लिहिलं, उत्तर आलं, आणखी महिनाभर तीनवरच थांबा. थांबलो. ती शेवटची गोळी घेऊन झाली तेव्हा पथारीवरची मिरची उचलून झाली होती आणि मैदान झाडून घेतलं होतं.

वही अजून माझ्याजवळ आहे. तिसरा रकाना पुढच्या पानांवर कोराच आहे. मी एकदा तो भरायला बसलो होतो. ती ओट्यावरून म्हणाली, "काय लिखी ऱ्हायनात? इतला येळ लागस तं..." आणि मी पेन्सिल ठेवून दिली.